बंपर नसलेली गाडी

रविवार, ३ ऑगस्ट २००३, हुबळी

आज जर्मनीतल्या फॉर्म्युला वनच्या शर्यतीत सुटल्यासुटल्याच पहिल्या वळणापाशी गाड्या एकमेकींत अडकल्या. चाकं निखळून रस्त्यावर घरंगळत गेली. मी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बघत होते.

"अगं, काचेला नाक लागेल," मुकुल मागून म्हणाला. तो पेपर वाचत होता. एके काळी शर्यतींचं वेड त्याला होतं आणि मी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसायची. आता उलटं झालंय.

मी का बघते ते इथं लिहून ठेवायला हवं, नाहीतर यातलं भौतिकशास्त्र आवडतं म्हणून बघते, असं मी स्वतःला सांगत राहीन. आवडतं, ते खरं आहे. मी धारवाडच्या कॉलेजात तेच शिकवते. पण ते कारण नाही. कारण एक वाक्य आहे.

अडीच वर्षांपूर्वी अमरगोळच्या पुढच्या माळावर इथल्या मोटर क्लबाची शर्यत होती. शेवटच्या फेरीत वादिराजने वळणावर मुकुलच्या गाडीला मागून टोला दिला. गाडी उलटली. मुकुलचा डावा गुडघा तेव्हापासून वाकत नाही. लॅमिंग्टन रोडला ड्रायव्हिंग स्कूल चालवणारा माणूस, आणि त्यालाच क्लच दाबता येत नाही. वादिराज त्याचा जुना मित्र, गोकुळ रस्त्यावर गॅरेज आहे त्याचं. दवाखान्यात आला तेव्हा डोळे लाल होते, हे मी मान्य करते. पण म्हणाला काय? "वैनी, मुद्दाम नव्हतं हो. पण अमेरिकेत शर्यतीत एवढं घासणं चालतं. त्याशिवाय तिथं शर्यतच म्हणत नाहीत."

माझा नवरा आत ऑपरेशनच्या टेबलावर होता आणि हा मला अमेरिका सांगत होता.

क्लबाने 'शर्यतीत असं होतं' म्हणून विषय मिटवला. माझ्यापुरता तो मिटलेला नाही. ते वाक्य खरं असेल तर मला कळायला हवं. खोटं असेल तर मला ते त्याच्या तोंडावर फेकायचंय. म्हणून बघते.

शनिवार, ९ ऑगस्ट

मावसबहीण मथुरा अमेरिकेत शार्लट गावी असते. तिच्या नवऱ्याने टीव्हीवरून भरून ठेवलेल्या तिथल्या शर्यतींच्या कॅसेट ओळखीच्या माणसाबरोबर पोचल्या. फोनवर मथुरा हसत होती. "अगं, इथं जत्रेला जावं तसे जातात. डबे घेऊन, पोरंबाळं घेऊन. आणि गाड्या गोल गोल नुसत्या डावीकडं वळतात. मी ह्यांना विचारलं, उजवीकडं कधी वळतात हो? तर म्हणाले, घरी जाताना."

दुपारभर बघितल्या. फॉर्म्युलाच्या गाड्यांची सवय झालेल्या डोळ्यांना ह्या म्हशींचा कळप वाटतात. अंग बंद, चाकं झाकलेली, पुढं-मागं जाड बंपर. त्यांना 'स्टॉक' म्हणतात, म्हणजे दुकानात मिळते तशी गाडी. निदान नावापुरती, वरचा पत्रा तसा, आतला सांगाडा सगळा हाताने बांधलेला. आणि त्या खरंच एकमेकींना घासतात. मागची पुढचीला ढकलते आणि दोघींचाही वेग वाढतो. चेपलेला पत्रा मेकॅनिक हातोड्याने ठोकून सरळ करतात, चिकटपट्टी लावतात, चल पुढं.

म्हणजे वादिराजचं वाक्य खरं आहे. हे लिहायला मला बराच वेळ लागला.

मग शेवटची कॅसेट लावली. एकाने दुसऱ्याला वळणावर टोला देऊन गरगरा फिरवलं. फिरलेला परत रांगेत आला. घाई केली नाही. किती तरी फेऱ्या तो नुसता त्याच्यामागे राहिला, आणि मग बरोबर तसल्याच वळणावर त्याने तो टोला परत केला. समालोचक हसत होते. लग्नात आहेर आला, आहेर गेला, तसं.

तिथं टोला चालतो, कारण टोल्याची परतफेडही चालते. वादिराजने मला अर्धंच वाक्य सांगितलं होतं.

आज मला फार दिवसांनी भूक लागली.

मंगळवार, १२ ऑगस्ट

मुकुलने आज माझ्याबरोबर एक कॅसेट पाहिली. त्याला त्यातला पिवळा झेंडा आवडला. कुठं अपघात झाला की पिवळा झेंडा लागतो, सगळ्या गाड्या हळू होऊन एकामागे एक येतात, आणि झेंडा उतरला की पुन्हा सुरुवात. मी म्हटलं, हा अन्याय आहे. पुढच्याने कष्टाने मिळवलेलं अंतर फुकट जातं. फॉर्म्युलातही सगळ्यांना हळू करणारी सुरक्षागाडी येते, पण उठसूट नाही. तिथं जो मागे पडला तो मागे पडला.

"मागं पडलेल्याला परत रांगेत घेतात, त्यात अन्याय काय?" मुकुल म्हणाला.

मग तो व्यायामाला गेला. हल्ली रोज संध्याकाळी गुडघ्याच्या व्यायामासाठी गोकुळ रस्त्यावरच्या एका माणसाकडे जातो. वाटेत वादिराजचं गॅरेज लागतं. रोज त्या दारावरून जाताना त्याला काय होत असेल! पण व्यायामाचा गुण येतोय. जेवताना दुसरी भाकरी मागून घेतली.

शनिवार, १६ ऑगस्ट

क्लबाचे सेक्रेटरी जयतीर्थ वकील घरी आले. क्लब पुन्हा सुरू होतोय. दसऱ्याच्या दिवशी, त्याच माळावर शर्यत. मी ताडकन उठले. मुकुलने मला 'बस' अशी खूण केली.

"वैनी, गेली अडीच वर्षं तुम्ही आम्हाला नियम नाहीत, नियम नाहीत म्हणून पत्रं लिहिताय," वकील म्हणाले. "सगळी वाचलीत मी. एकाचंही उत्तर सुचलं नाही. आता असं करा, बाहेर उभं राहून शिव्या देण्यापेक्षा आत येऊन द्या. नियम तुम्ही लिहा. गाड्या तुम्ही तपासा. तुम्ही नको म्हटलेली गाडी दोरीच्या आत येणार नाही."

"वादिराज उतरणार आहे?"

वकिलांनी मुकुलकडे पाहिलं. "त्याच्या गॅरेजची गाडी असेल की."

मी हो म्हणाले. मग चहा करायला आत गेले.

मला काय हवंय ते नीट लिहिते. वादिराजला अपघात व्हावा असं मला वाटत नाही. मी तपासून पाहिलं, खरंच नाही वाटत. मला हवंय ते असं: सगळ्या गाड्या धावतायत आणि तो गावासमोर दोरीच्या बाहेर उभा आहे, हातात किल्ली घेऊन. मुकुल स्कूलच्या दारात उभा राहतो तसा.

हे न्याय मागणं आहे की सूड? न्यायाला इतकं स्पष्ट चित्र दिसत नसावं.

रविवार, २४ ऑगस्ट

आज हंगेरीची शर्यत. मध्येच मुकुलने विचारलं, "मेधा, हाताने ओढायचं, ओझं जड, आणि जागा वीतभर. दांड्याचा टेकू कुठं ठेवायचा?"

"कशासाठी?"

"ऑफिसचं शटर जड झालंय."

मी पेपरच्या कडेला आकृती काढून दाखवली. टेकूपासून ओझं किती जवळ, हात किती लांब, तार कुठं जोडायची. त्याने शहाण्या विद्यार्थ्यासारखं ऐकलं आणि ती कड फाडून खिशात ठेवली. कॉलेजात असताना माझ्याच वह्या उतरून पास झालेला माणूस. फार दिवसांनी आम्ही असे डोक्याला डोकं लावून बसलो. तेवढ्यात शर्यत कोण जिंकलं ते बघायचं राहून गेलं.

गुरुवार, ४ सप्टेंबर

गौरीचं हळदीकुंकू. वादिराजची बायको अनुसया आली. मी बोलावलं नव्हतं, पण गौरीपुढे आलेल्या सवाष्णीला कुणी परत पाठवत नाही, हे तिलाही ठाऊक. ओटी भरून झाल्यावर ती दारातच घुटमळली.

"मेधाक्का, एक सांगायचं होतं."

"नियमांबद्दल असेल तर वकिलांना सांगा."

"नियमाबद्दल नाही हो. माणसाबद्दल."

"ते तर नकोच," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या मुकुलकडे. "साकु बिडरी," पुरे, असू द्या, असं पुटपुटून गेली. माझं उत्तर उद्धट होतं. पण ती नवऱ्याची रदबदली करायला आली होती, आणि रदबदली मला नको आहे. मुकुल आत जाऊन भांडी लावू लागला. मी दुखावले गेले की तो असाच कामाला लागतो.

रविवार, १४ सप्टेंबर

इटलीची शर्यत बघत नियम लिहिले.

दोन्ही तऱ्हांच्या शर्यती इतके दिवस बघून माझं मत पक्कं झालंय. फॉर्म्युलाच्या गाडीची चाकं उघडी असतात. पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाची मागची बाजू वर जात असते. मागच्या गाडीच्या पुढच्या चाकाची पुढची बाजू खाली येत असते. दोन्ही टेकली की मागचं चाक पुढच्यावर चढतं आणि गाडी हवेत जाते. म्हणून तिथं कुणी कुणाला टोला देत नाही. दिला तर देणाराच आधी उडतो. सभ्यपणा शिकवावा लागत नाही, बंपर नसणं तो शिकवतं. आणि तरीही कुणी लागलाच, तर चौकशी होते, शिक्षा होते, छापून येतं. हिशेब खेळाडूंच्या हातात ठेवत नाहीत.

मला हीच शर्यत आवडते. नियमाने चालणारी, हात न लावणारी.

मग माझ्याच वाक्याशी अडखळले. कारण नववा नियम लिहिताना माझ्या डोळ्यापुढं मैदान नव्हतं, एकच माणूस होता. वादिराजच्या गाड्या पत्र्यापुरत्याच कंपनीच्या असतात, असं सगळी हुबळी म्हणते. म्हणून लिहिलं: 'स्टिअरिंग, ब्रेक, क्लच, गिअर ही सर्व साधने गाडी कंपनीतून आली तशीच असावीत. त्यांत कोणताही बदल आढळल्यास गाडी बाद.' नियम चांगला आहे. सुरक्षित आहे. मी तो कुणाच्याही बाबतीत लावला असता. पण लिहिला एकासाठी. चांगला नियम वाईट हेतूने लिहिला तर तो वाईट होतो का? न्यूटनने त्याचे नियम कुणाच्या रागात लिहिले असते तरी दगड खालीच पडला असता.

हा युक्तिवाद मला स्वतःलाच फार पटला, म्हणून त्याचा संशय येतो.

शनिवार, २० सप्टेंबर

क्लबाची बैठक. अपघातानंतर प्रथमच मी वादिराजसमोर बसले. केस पिकलेत. आवाज तसाच, पत्र्यावर दगड टाकल्यासारखा.

"वैनी, बाकी सगळं कबूल. नववा थोडा सैल करा की."

"का? तुमच्या गाडीत काही आहे?"

"माझ्या कशाला, कुणाच्याही असू दे. समजा एखाद्याचा हात आखूड, पाय आखूड. त्याच्या मापाने जरा इकडं-तिकडं केलं तर काय बिघडलं?"

"अमेरिकेत चालत असेल," मी म्हटलं.

सगळे हसले. तो लाल झाला, मग तोही हसला. "बिडरी," जाऊ द्या, म्हणाला. त्याचा तो पडलेला चेहरा मी घरापर्यंत बरोबर आणला आणि पुन्हा पुन्हा पाहिला. इतकं गोड मी वर्षात काही खाल्लं नाही.

मुकुलला सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "तू अगदीच सैल करणार नाहीस?"

"तुझ्यासाठीच तर केलाय."

"हं," तो म्हणाला.

ऑफिसचं शटर अजून तसंच जड आहे. आज मीच ओढलं.

गुरुवार, २ ऑक्टोबर

प्रवेशिका आल्या. वादिराजच्या गॅरेजची मारुती, क्रमांक अकरा. चालकाचं नाव शर्यतीच्या सकाळी कळवलं तरी चालतं, म्हणून जागा कोरी. चालक तोच असणार, दुसरं कोण?

वकिलांनी एक घोटाळा करून ठेवलाय. गाड्यांची तपासणी चार तारखेला, असं छापून मोकळे झाले. चार तारखेला खंडेनवमी! त्या दिवशी ह्या गावात पान्ह्याला कोण हात लावणार? हत्यारं पूजेत, गाड्यांना हार, बॉनेट उघडायचं नाही की बोल्ट फिरवायचा नाही. वकील म्हणतात, "जाऊन प्रसाद घ्यायचा, डोळ्याने बघायचं, सही करायची. सगळे असंच करणार, वैनी." म्हणजे सगळ्यांनी धरूनच ठेवलंय की तपासणी होणार नाही.

मुकुल म्हणाला, "वादिराजकडं तू जाऊ नकोस. वकिलांना पाठव. तुला उगाच त्रास."

किती जपतो.

शनिवार, ४ ऑक्टोबर, खंडेनवमी

सापडलं.

सकाळी घरच्या पूजेनंतर मुकुल स्कूलच्या गाड्यांना हार घालायला गेला आणि मी वकिलांबरोबर गॅरेजं फिरायला निघाले. सगळीकडे तेच. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं, हातात फुटाणे-साखर. वकील भराभर सह्या करत होते. मी प्रत्येक गाडीत डोकं घालून बघत होते. हे मुद्दाम लिहिते: प्रत्येक गाडीत, फक्त अकरामध्ये नव्हे.

वादिराजकडे सगळी हत्यारं पाटावर ओळीने मांडलेली, प्रत्येकाला कुंकू. अकरा नंबरच्या गाडीत आत सीटवर नवा खण पसरलेला आणि सीटच्या डाव्या अंगाला गिअरजवळ झेंडूचा भलामोठा हार. बाकी कुणी गाडीच्या आत हार ठेवला नव्हता.

"वैनी, पेढा घ्या, पेढा. आज देवानेच पास केलंय गाडीला," वादिराज मध्ये आला.

"तो हार बाजूला करा."

"मेधाक्का," अनुसया म्हणाली, "मांडलेली पूजा हलवू नये. उद्या सकाळी बघा हवं तर."

"उद्या सकाळी गाडी बदललेली असेल."

कुणी हलेना. मग मीच हार उचलला. आजच्या दिवशी. आईने पाहिलं असतं तर प्रायश्चित्त म्हणून तीन वेळा आचमन करायला लावलं असतं. हाराखाली लोखंडी दांडा होता. हाताने ओढायचा. त्याची तार खाली क्लचला गेलेली.

काम सुंदर होतं. टेकू अगदी नेमक्या जागी. ज्याने केलं त्याला शास्त्र कळतं, असं मनात आलं आणि प्रयोगाची चांगली वही तपासताना होतो तसा क्षणभर आनंद झाला. लगेच त्या आनंदाचा राग आला. कशासाठी हे? हाताने क्लच म्हणजे दोन्ही पाय मोकळे, वळणावर चटकन् पकड घ्यायची युक्ती असणार. 'पत्र्यापुरती कंपनीची.' मी तिथंच, फुटाणे तसेच मुठीत धरून, नववा नियम लिहून गाडी बाद केली.

वकिलांनी कागद वाचला. "वैनी, सही करायच्या आधी एकदा घरी बोलून घेता का?"

"घरच्यांचा काय संबंध?"

वादिराजने तोंड उघडलं, अनुसयाकडे पाहिलं, मिटलं. हा माणूस, आणि गप्प!

मुकुलला सांगितलं. तो जेवत होता. हात थांबला, मग पुन्हा जेवू लागला. "दांडा होता का," एवढंच म्हणाला. इतका मोठा विजय, आणि त्याला आनंद दाखवता येत नाही. सुखाचीही सवय मोडते माणसाची.

रविवार, ५ ऑक्टोबर, दसरा

जे झालं ते क्रमाने लिहिते.

मुकुल पहाटेच वकिलांना मदत करायची म्हणून गेला होता. मी माळावर पोचले तेव्हा गर्दी जमली होती. दोरीच्या बाहेर, बाभळीखाली, अकरा नंबरची गाडी उभी. तिच्या बॉनेटवर मुकुल बसलेला. अंगात त्याचा शर्यतीचा निळा डगला, मी ट्रंकेत तळाशी ठेवलेला. मांडीवर हेल्मेट.

"तू इथं काय करतोस?"

"बसलोय."

शेजारी वादिराज उभा होता, हातात किल्ली. मी गाडीच्या खिडकीतून आत पाहिलं. तो दांडा पाहिला. टेकू, तार, वीतभर जागा. पेपरच्या कडेला काढलेली माझी आकृती.

मग सगळं एकदम कळलं. रोजचा व्यायाम, दुसरी भाकरी, शटर.

वकील आले. हळू आवाजात म्हणाले, "वैनी, नियम तुमचा, सही तुमची. मागं घ्या म्हणालात तर घेऊ. बाकीच्या चालकांना मी विचारलंय, कुणाची हरकत नाही."

सगळे बघत होते. मी स्वतःला एकच प्रश्न विचारला: आत वादिराज बसणार असता तर मी कागद मागे घेतला असता? नसता. मग नवरा आहे म्हणून घेतला, तर तो नियम कधी नियम नव्हताच, नुसता मी धरलेला दात होता.

"नाही," मी म्हणाले.

"बरोबर आहे तिचं," मुकुल म्हणाला. त्याच्या आवाजात राग असता तर मला भांडता आलं असतं. मी दोरी धरली.

वकिलांनी वादिराजला सुचवलं, दांडा काढ आणि तू चालव, आज पान्हा धरायला हरकत नाही. वादिराजने मान हलवली. "पान्ह्याला हरकत नाही हो. मला आहे. गाडी त्याची आहे."

मग शर्यत झाली. सगळ्या गाड्या धावल्या, आणि वादिराज गावासमोर दोरीच्या बाहेर किल्ली घेऊन उभा राहिला. मी मागितलं होतं अगदी तस्संच. फक्त त्याच्या शेजारी मुकुल होता.

संध्याकाळी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं द्यायला शेजारपाजारचे आले. सोन्यासारखे राहू या, म्हणाले. आम्हीही म्हणालो.

बुधवार, ८ ऑक्टोबर

तीन दिवसांनी आज बोललो. म्हणजे मी ओरडले आणि तो बोलला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"रोज ठरवायचो. रोज तू त्या टीव्हीसमोर, मुठी आवळून. माझ्या वतीने तू इतकी भांडत होतीस की मध्ये मला जागाच नव्हती, मेधा."

"मी तुझ्यासाठी..."

"माहीत आहे. पण अडीच वर्षांत एकदा तरी विचारलंस, तुला गाडी चालवावीशी वाटते का म्हणून?"

"तुला लागेल म्हणून नाही विचारलं."

"लागलं असतं. वादिराजने विचारलं तेव्हा लागलंच. फेब्रुवारीत, भर बाजारात अडवून. मी त्याला आईवरून शिवी दिली. दुसऱ्या दिवशी परत आला. पुन्हा शिवी खाल्ली. मग म्हणाला, शिव्या दे, पण गाडीत बसून दे."

मला वाटलं होतं की हे ऐकून माझा राग विरघळेल. तो नाही विरघळला. उलट वाढला. माझ्या नवऱ्याचा पाय ह्याने नेला, आणि माझ्या नवऱ्याला काय हवंय ते ओळखायचा मानही ह्यानेच नेला. पहिलं मी कदाचित कधीतरी माफ करीन. दुसरं कसं करायचं?

नववा नियम मात्र मी आज दुरुस्त करून वकिलांकडे दिला. शारीरिक अडचणीसाठी केलेला बदल, आधी कळवून, तपासून, चालेल. हे मी अपराधी वाटलं म्हणून केलं की योग्य म्हणून? दोन्ही. आता हेतू वेगळा काढत बसायचा कंटाळा आलाय.

मुकुल संध्याकाळी चप्पल घालताना म्हणाला, "वादिराजकडं जातोय." खरं सांगून गेला. दार लागल्यावर मी रडले.

रविवार, १२ ऑक्टोबर

आज जपानची शर्यत होती, वर्षातली शेवटची. बघितली नाही. मुकुलने विचारलं, माळावर येतेस का? गेले.

तिथं आम्ही तिघंच. अकरा नंबरची गाडी आणि वादिराजची जुनी फियाट. धूळ बसावी म्हणून त्याने टँकर आणून पाणी मारून घेतलं होतं. वळणाच्या बाहेर काळ्या मातीचा नुसता राडा. मी बाभळीखाली उभी राहिले. वादिराजने लांबूनच हात जोडले, मी मान हलवली. एवढंच, त्याहून जास्त नाही.

दोघांनी गाड्या काढल्या. पहिल्या फेरीत मी मुकुलकडे बघूच शकले नाही, फक्त इंजिन ऐकत होते. गिअर बदलताना एकदाही कचकच नाही. दुसऱ्या फेरीला डोळे उघडले. तो वादिराजच्या मागे होता, अगदी चिकटून. मी ओरडले, "लांब राहा! मुकुल, लांब!" पुढच्या फेरीतही तसाच मागे. त्यापुढच्या फेरीतही तसाच. घाई नाही. पुढं जायला जागा होती तरी जात नव्हता. कॅसेटमधला तो माणूस मला आठवला आणि मी ओरडायची थांबले.

वळणावर, जिथं त्याची गाडी उलटली होती तिथंच, मुकुलने फियाटच्या मागच्या कोपऱ्याला बंपर लावला. जोरात नव्हे. दार ढकलावं तसा. फियाट गर्रकन फिरली, राड्यात शिरली आणि दरवाज्यापर्यंत रुतून बसली.

मग वादिराज खिडकीतून बाहेर आला, कारण दार उघडेना. कमरेपर्यंत काळा. एक बूट आतच राहिला होता.

मुकुल गाडी थांबवून, खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हसत होता. हे हसणं मी विसरून गेले होते. "दसऱ्याला हेच करणार होतो," तो मला म्हणाला. "सगळ्या गावासमोर. तू गाडीच बाद केलीस!"

"अरे, मला माहीत नव्हतं होय?" वादिराज चिखल झाडत ओरडला. "उगीच का दांडा बसवून दिला तुला? पण हळू म्हणालो होतो की नाही, लेका? हळू!" मग तो माझ्याकडे वळला, एका पायाने लंगडत. "वैनी! तुम्ही बघितलात ना? सरळ मागून टोला, उजेडात, ढळढळीत! आता तुमच्या नियमात काय बसतं ते सांगा की. घ्या, तक्रार लिहून घ्या!"

मी नियम करणारी बाई आहे. आजवर एकाही विद्यार्थ्याला अर्धा गुण जास्त दिलेला नाही.

"मला दिसलं नाही हो, वादिराज," मी म्हटलं. "ऊन डोळ्यावर होतं."

ऊन माझ्या पाठीवर होतं.